नदी विकणारा आणि कर वसूल करणारा : कोरियन ठककथेच्या आस्वादाचा इतिहास

दक्षिण कोरियातील ओसीएन या वाहिनीवर 2016 च्या जून ते ऑगस्ट या काळात सोळा भागांची एक मालिका प्रक्षेपित झाली. इंग्रजी शीर्षकाने ती 'स्क्वॉड 38' म्हणून बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. मूळ कोरियन शीर्षक मात्र श्लेषावर उभे आहे. 'सागी' म्हणजे फसवणूक आणि 'गीदोंगदे' म्हणजे फिरते पथक. पहिल्या शब्दाचे अंत्याक्षर तेच दुसऱ्याचे आद्याक्षर असल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांत विरघळतात आणि 'सागीदोंगदे' हा एक जोडशब्द तयार होतो. त्याच्या आधी येणारा 38 हा आकडा कोरियन राज्यघटनेतील आहे. नागरिकांवर कर भरण्याचे कर्तव्य घालणारे कलम ते हेच, आणि सोल महानगराच्या प्रशासनात 2001 पासून थकबाकी वसूल करणारे एक पथक याच आकड्याने ओळखले जाते. राज्यघटनेचे कलम आणि ठकांची टोळी यांना एका श्वासात उच्चारायला लावणारे हे शीर्षक केवळ चमत्कृतीसाठी योजलेले नाही.

हान जॉंग-हून यांनी लिहिलेल्या आणि हान दोंग-ह्वा यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेचे आशयसूत्र थोडक्यात सांगता येते. सोवॉन नावाच्या काल्पनिक शहरातील बेक सॉंग-इल हा करवसुली अधिकारी जुनी मोटार विकत घेण्याच्या व्यवहारात यांग जॉंग-दो या तरुण ठकाकडून फसवला जातो. पुढे हाच अधिकारी त्याच ठकाशी हातमिळवणी करतो. ज्या धनाढ्यांनी आपली मालमत्ता इतरांच्या नावे दडवून कायद्याला निरुत्तर केले आहे, त्यांना फसवायचे आणि फसवून मिळालेला पैसा थकलेल्या करापोटी सरकारी तिजोरीत भरायचा, असा हा उद्योग. बेकची भूमिका मा दोंग-सॉक या धिप्पाड नटाने केली आहे, यांगची सॉ इन-गुक याने. गुंडांना लोळवण्यासाठी प्रसिद्ध असलेला नट येथे वरिष्ठांपुढे मान खाली घालून उभा राहणारा कारकुनी वृत्तीचा मध्यमवयीन गृहस्थ झाला आहे, ही पात्रयोजनाही अर्थपूर्ण आहे.

प्रश्न असा की अशी मालिका पाहताना होणारा आनंद कोणत्या जातीचा असतो? लोकप्रिय संहितांच्या समीक्षेत या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे मिळतात. एका उत्तरानुसार हा पलायनाचा आनंद होय. व्यवस्था जशी आहे तशीच राहते आणि प्रेक्षकाच्या रागाचा निचरा तेवढा होतो. दुसऱ्या उत्तरानुसार हा प्रतिकाराचा आनंद होय. दुर्बलांची युक्ती बलवानांच्या सत्तेवर मात करते आणि प्रेक्षक त्या मात करण्यात सहभागी होतो. दोन्ही उत्तरे ठककथेला काळाबाहेर ठेवून दिलेली आहेत. कोरियन परंपरेत ठकाची कथा किमान साडेआठशे वर्षे लिखित स्वरूपात आहे, आणि त्या काळात तिच्या आस्वादाच्या अटी बदलत गेल्या आहेत. फसवणुकीचे रहस्य कोणाकोणाला ठाऊक असते आणि फसवून मिळालेला पैसा शेवटी कोठे जातो, या दोन गोष्टींकडे लक्ष दिले तर हा बदल स्पष्ट दिसतो.

किम बु-सिक याने 1145 मध्ये सिद्ध केलेल्या 'सामगुक सागी' या इतिहासग्रंथात पुढील प्रसंग येतो. इ. स. 642 मध्ये शिल्ला राज्याचा किम चुन-चु हा राजपुरुष मदत मागण्यासाठी गोगुर्यो राज्यात गेला. तेथील राजाने मदतीच्या बदल्यात भूभाग परत मागितला आणि नकार मिळताच त्याला अडकवून ठेवले. तेव्हा राजाच्या मर्जीतल्या एका सरदाराने, भेटवस्तू पावल्यावर, मद्यपान चालू असताना त्याला कासवाची आणि सशाची गोष्ट सांगितली. समुद्रातील नागराजाच्या मुलीच्या औषधासाठी सशाचे काळीज हवे असते. कासव सशाला भुलवून पाठीवरून नेते. वाटेत खरा हेतू कळताच ससा सांगतो की काळीज किनाऱ्यावर धुऊन ठेवले आहे, ते आणायला परत जावे लागेल. किम चुन-चुने बोध घेतला. भूभाग परत देववण्याचे वचन देऊन त्याने सुटका करून घेतली आणि सीमा ओलांडताच ते वचन जिवासाठी दिलेले होते, असे सांगून टाकले. पुढे 654 मध्ये तो शिल्लाचा राजा झाला.

मराठी वाचकाला ही कथा परकी वाटणार नाही. 'पंचतंत्रा'च्या चौथ्या तंत्रातील वानर आणि मगर यांचीच ती कथा. पाली परंपरेत ती 'सुंसुमार जातक' म्हणून येते. बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादांबरोबर ती कोरियात पोहोचली, आणि वाटेत वानराचा ससा झाला, मगरीचे कासव झाले, हृदयाच्या जागी यकृत आले. पण या स्थित्यंतरापेक्षा महत्त्वाचे हे की कोरियातील पहिल्याच लिखित नोंदीत कथा आणि फसवणूक या दोन क्रिया एकमेकींत गुंतल्या आहेत. कथा सांगणारा सरदार ऐकणाऱ्याला फसवण्याची विद्या देतो, आणि तीही आपल्याच राजाविरुद्ध. ऐकणे म्हणजे कटात सामील होणे, ही अट येथेच घातली गेली.

हीच कथा पुढे पान्सोरी या गायन-निवेदनाच्या प्रकारात 'सुगुंगगा' म्हणून विस्तारली. बारा पान्सोरींपैकी जी पाच आज गायली जातात, त्यांतली ती एक. पान्सोरीचा गायक 'सोरीक्कुन' म्हणवतो. 'सोरी' म्हणजे ध्वनी अथवा गाणे, आणि 'क्कुन' हा एखाद्या कामात मुरलेल्या माणसाचा निर्देश करणारा प्रत्यय. ठकाला कोरियनमध्ये 'सागीक्कुन' म्हणतात. प्रत्यय एकच. (2017 मधील एका ठकपटाचे मूळ नाव नुसतेच 'क्कुन' असे आहे.) क्षेमेंद्राच्या 'कलाविलासा'त मूलदेव एका व्यापाऱ्याच्या मुलाला ठकविद्येचे रीतसर शिक्षण देतो, त्या दृष्टीशी हा भाषिक संकेत जुळतो: फसवणूक ही प्रथम एक कसब असते, तिचा नैतिक निवाडा नंतरचा. पान्सोरीत श्रोताही मुका नसतो. ढोलकी वाजवणाऱ्याबरोबर तो मधूनमधून दाद देणारे उद्गार काढतो, आणि या उद्गारांवाचून प्रयोग अपुरा मानला जातो. ससा थाप मारतो तेव्हा श्रोत्याला ती थाप ठाऊक असते. त्याची दाद ही सशाच्या बाजूने दिलेली साक्ष असते.

अठराव्या शतकात ठकाच्या कथेला अर्थशास्त्र भेटले. पाक जी-वॉन (1737–1805) हा 1780 मध्ये छिंग साम्राज्यात गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर गेला आणि त्याने त्या प्रवासाचे जे विस्तृत वृत्त लिहिले, त्यात 'हॉ सेंगची कथा' अंतर्भूत आहे. हॉ सेंग हा नामसान टेकडीच्या पायथ्याशी राहणारा दरिद्री विद्वान. बायको शिवणकाम करून घर चालवते आणि एक दिवस विचारते की काहीच जमत नसेल तर निदान चोरी का करत नाही? सात वर्षांचे अध्ययन अर्धवट टाकून तो उठतो, ब्यॉन नावाच्या शहरातल्या सर्वांत श्रीमंत माणसाकडून, ओळखदेख नसताना, दहा हजार न्यांग उसने घेतो आणि आन्सॉंग या बाजारपेठेच्या गावी जाऊन सगळी फळे दुप्पट भावाने विकत घेतो. थोड्याच दिवसांत देशात मेजवानी वा पितृकार्य करणे अशक्य होते. ज्यांनी फळे विकली तेच व्यापारी दहापट भावाने ती परत घेतात. मग जेजू बेटावर जाऊन तो घोड्याचे केस असेच साठवतो, कारण त्या केसांवाचून प्रतिष्ठित पुरुषाच्या कपाळावरचा पट्टा विणता येत नाही.

हॉ सेंगला ठक म्हणावे काय, याविषयी मतभेद संभवतो. तो एकदाही खोटे बोलत नाही. परंतु ठककथेची संरचना येथे पूर्णपणे हजर आहे, किंबहुना तिचे मर्म येथेच उघडे पडते. प्रत्येक ठक सावजाच्या अशा गरजेचा शोध घेतो की जी सावजाला नाकारता येत नाही. हॉ सेंगने शोधलेली गरज एका माणसाची नाही, संपूर्ण व्यवस्थेची आहे. यांगबान म्हणवणाऱ्या अभिजन वर्गाला पितरांपुढे फळे मांडावीच लागतात आणि डोक्याचे केस आवरावेच लागतात. ज्या आचारांवर त्यांचे श्रेष्ठत्व उभे आहे तेच आचार त्यांच्या फसवणुकीचे दार ठरतात. आणि दहा हजार न्यांग एवढ्या रकमेने देशाचा बाजार हलतो, हे दाखवून लेखक राज्याच्या आर्थिक दुबळेपणाचे निदानही करतो. याच लेखकाच्या 'यांगबानची कथा' या दुसऱ्या रचनेत हाच विषय उलट बाजूने येतो. तेथे कर्जात बुडालेला यांगबान आपला दर्जा एका श्रीमंत सामान्य माणसाला विकतो, आणि दंडाधिकाऱ्याने केलेल्या खरेदीखतातील विशेषाधिकारांची यादी ऐकून तो खरेदीदार, आपल्याला दरोडेखोर करता की काय, अशा भावनेने पळून जातो.

पण हॉ सेंगच्या कथेतील सर्वांत विलक्षण कृती वेगळीच आहे. दरोडेखोरांना एका ओसाड बेटावर वसवून, नागासाकीच्या दुष्काळात धान्य विकून त्याच्याकडे दहा लाख न्यांग जमतात. त्यांतले पाच लाख तो समुद्रात फेकून देतो. इतका पैसा त्या लहानशा देशात मावणार कोठे, असा त्याचा विचार. ब्यॉनला तो दसपट रक्कम परत करतो आणि वर हेही सांगतो की मक्तेदारीची ही रीत प्रजेला पिळणारी आहे. उद्या सत्ताधाऱ्यांनी ती उचलली तर राज्य रोगी होईल. पुढे यी वान हा सेनानी त्याला राजसेवेसाठी बोलवायला येतो. हॉ सेंग तीन उपाय सुचवतो, सेनानी तिन्ही अशक्य म्हणतो, हॉ सेंग तलवारीला हात घालतो. दुसऱ्या दिवशी घर रिकामे असते. येथे ठकाने मिळवलेला पैसा स्वीकारू शकेल असे एकही न्याय्य खाते कथाविश्वात नाही. राज्याचे खाते तर नाहीच.

याच्या शेजारी बोंगी किम सॉन्दाल या लोककथेतील ठकाला ठेवले पाहिजे. 'सॉन्दाल' म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झालेला, पण पद न मिळालेला उमेदवार. तो प्याँगयांगचा आहे, ही गोष्टही दुर्लक्षिण्याजोगी नाही. जोसॉन राजवटीत वायव्येकडील प्याँगान प्रांतातील लोकांना वरिष्ठ पदांपासून दूर ठेवले जाई. 1811–12 मधील होंग ग्याँग-ने याच्या उठावामागे हा असंतोष एक प्रमुख कारण होता. उमेदवारी हेच ज्याचे नाव झाले आहे असा माणूस ठक होतो, तेव्हा श्रोत्यांनी त्याला दिलेल्या परवानगीमागे इतिहास उभा असतो.

त्याची सर्वांत प्रसिद्ध करामत तेदोंग नदी विकण्याची. पाणक्यांना तो आदल्या दिवशी नाणी वाटून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने नदीवरून जाताना एकेक नाणे आपल्या हाती टाकावे, असे ठरवतो. राजधानीतून आलेला धनिक हे पाहतो. नदीचा मालक हाच, अशी त्याची खात्री पटते आणि तो नदी विकत घेतो. दुसऱ्या दिवसापासून पाणक्यांकडून पैसे वसूल करण्याचे स्वप्न त्याला पडलेले असते. सावजाचा अपराध केवळ मूर्खपणाचा नाही. जे सर्वांचे आहे त्यावर कर बसवायला तो निघाला आहे. पाणके सर्व जाणतात आणि श्रोता त्यांच्याच रांगेत उभा असतो. मिळालेल्या पैशाचे पुढे काय झाले, याची कथेला फिकीर नाही, आणि श्रोत्यालाही नाही. कोरियन सौंदर्यविचारात 'पुंगजा' आणि 'हेहाक' असा भेद केला जातो. पहिल्यात उपहासाची धार असते, दुसऱ्यात आपुलकीचे हसू. सॉन्दालच्या कथेत सावजाच्या वाट्याला पहिले येते, पाणक्यांच्या वाट्याला दुसरे.

विसाव्या शतकात हे रूप एकदा तरी सत्तेला थेट झोंबले. कवी किम जी-हा याने मे 1970 मध्ये 'सासांगग्ये' या मासिकात पान्सोरीच्या धाटणीची 'ओजॉक' म्हणजे 'पाच दरोडेखोर' ही दीर्घ रचना प्रसिद्ध केली. हे पाच म्हणजे बडे उद्योगपती, लोकप्रतिनिधी, उच्च अधिकारी, सेनानी आणि मंत्री. कवीला अटक झाली. हॉ सेंगने दरोडेखोरांना बेटावर नेऊन वसवले होते. येथे ते राजधानीतच वसलेले आहेत, एवढेच.

मालिकांच्या आस्वादाकडे वळण्यापूर्वी 1997 चा उल्लेख अटळ आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात कोरियाने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे मदत मागितली आणि 3 डिसेंबरला करार झाला. 1998 च्या आरंभी लोकांनी रांगा लावून लग्नातल्या अंगठ्या आणि मुलांच्या वाढदिवसाचे सोने राष्ट्राच्या कर्जफेडीसाठी दिले; सुमारे 227 टन सोने जमले. 1999 मध्ये देवू हा अवाढव्य उद्योगसमूह कोसळला. त्याचा संस्थापक किम वू-जुंग देशाबाहेर निघून गेला, 2005 मध्ये परतला, प्रचंड हिशेबी घोटाळ्यासाठी 2006 मध्ये दोषी ठरला आणि 2007 च्या अखेरीस त्याला माफी मिळाली. अंगठी देणारे आणि हिशेब फुगवणारे एकाच राष्ट्राचे नागरिक होते. फसवले गेल्याची ही सार्वत्रिक जाणीव पुढील ठककथांची पूर्वअट आहे. पूर्वीचा श्रोता पाणक्यांच्या रांगेत होता. 1997 नंतरचा प्रेक्षक सावजाच्या जागी बसून कथा पाहू लागला.

हा बदल निवेदनतंत्रात उमटला. चोई दोंग-हून याचा 2004 मधील पहिला चित्रपट ठकांच्या एका टोळीने कोरियाच्या मध्यवर्ती बँकेला पाच अब्ज वॉनना फसवल्याची कथा सांगतो. त्याच्या मूळ शीर्षकाचा अर्थ 'गुन्ह्याची पुनर्रचना' असा आहे. कथानक सरळ रेषेत जात नाही. घटना प्रथम अपुरी दिसते, मग मागे जाऊन तिची लपवलेली बाजू दाखवली जाते. 'स्क्वॉड 38' ने हेच तंत्र सोळा भागांत खेळवले. डाव फसला, कोणी फितूर झाले, सगळे संपले, असे वाटते त्या क्षणी निवेदन काही तास मागे जाते आणि कळते की तो फसलेला डाव हाच डाव होता. कोरियन म्हणीप्रमाणे पळणाऱ्याच्या वर उडणारा असतो. मराठीत याला शेरास सव्वाशेर म्हणतात. येथे मात्र सव्वाशेर ठरतो तो निवेदक, आणि शेर ठरतो प्रेक्षक. बेक सॉंग-इल पहिल्यांदा फसतो तेव्हा प्रेक्षकाची सहानुभूती ज्याच्याशी जुळते तो ठक नसून जुन्या मोटारीपायी गंडलेला हा सरकारी नोकर आहे. भट्टनायकाच्या परिभाषेत विचारायचे तर साधारणीकरण कोणाशी होते? ठकाशी तर नाहीच. खलनायक असलेल्या सावजाशीही नाही. ते होते आधी फसवल्या गेलेल्या आणि आता फसवणुकीची भाषा शिकू पाहणाऱ्या माणसाशी.

मालिका चालू असतानाच, जुलै 2016 मध्ये, किम सॉन्दालवरचा चित्रपटही प्रदर्शित झाला. त्यात या एकाकी ठकाला हाताखाली टोळी मिळाली. नदी विकायला पूर्वी एक माणूस आणि काही पाणके पुरत. आता वेषांतर करणारा, माहिती काढणारी, पैसा पुरवणारा अशी श्रमविभागणी लागते. कचेरीत काम करणाऱ्या प्रेक्षकाला हे नीट चाललेल्या कचेरीचे स्वप्नही वाटत असावे.

अलीकडच्या कोरियन प्रेक्षकांनी आपल्या आस्वादासाठी दोन शब्द रूढ केले आहेत. घशात अडकणाऱ्या रताळ्यावरून आलेला 'गोगुमा' हा शब्द कथेतील गुदमरवणाऱ्या अन्यायासाठी वापरतात, आणि 'साइडा', म्हणजे लिंबाच्या स्वादाचे फसफसणारे पेय, हा शब्द त्या अन्यायाच्या झटकन झालेल्या परिमार्जनासाठी. ही परिभाषा समीक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये. तिच्यात आनंदाचे वर्णन चवीने केले आहे आणि रसविचाराची सुरुवातही अशीच झाली होती. तिची मर्यादा एवढीच की साइडाने तहान भागते, पोट भरत नाही. आणि 'स्क्वॉड 38' चे वेगळेपण या परिभाषेत मावत नाही. मालिकेतला सुखद क्षण सावजाच्या पराभवापाशी थांबत नाही. तो पुढे जाऊन थकबाकीची रक्कम खात्यात जमा झाल्याच्या नोंदीपर्यंत पोहोचतो. हॉ सेंगने जे समुद्रात फेकले ते येथे तिजोरीत भरले जाते.

या बदलाकडे दोन प्रकारे पाहता येते. ठकाला राज्याने नोकरीस ठेवले आणि परंपरेतील बंड शमले, असे एक निदान करता येईल. ते अगदीच चूक नाही. मालिकेचा उत्तरार्ध जेथे टोळीतील मैत्रीभावावर भिस्त ठेवतो, तेथे ती खरोखरच मवाळ होते. परंतु तिची मूळ कल्पना अधिक कठोर आहे. कायद्याने सांगितलेली साधी गोष्ट घडवून आणायलाही गुन्हा करावा लागतो, असे ती म्हणते. हॉ सेंगला राज्याकडून काहीच अपेक्षा नव्हती. 2016 चा प्रेक्षक राज्यावर चिडलेला आहे, कारण त्याची अपेक्षा अजून शिल्लक आहे. त्याने स्वतःचा कर भरलेला आहे. यानंतरच्या ठकमालिका या आर्थिक प्रश्नापासून दूर सरकताना दिसतात. 2023 मध्ये टीव्हीएन वाहिनीवर आलेल्या मालिकेत भावनाशून्य ठक स्त्री आणि अतिसंवेदनशील वकील यांची जोडी आहे, आणि फसवणुकीचा विषय मनोविकाराच्या व उपचाराच्या भाषेत बोलू लागतो.

'स्क्वॉड 38' मधील धनाढ्य थकबाकीदार अतिशयोक्त वाटावेत, इतके निर्लज्ज आहेत. आलिशान घरात बसून आपल्या नावावर काहीच नाही, असे ते अधिकाऱ्याला सांगतात. कोरियन प्रेक्षकाला ही अतिशयोक्ती वाटण्याचे कारण नव्हते. माजी लष्करी राष्ट्राध्यक्ष चुन दू-ह्वान याच्याकडून लाचेपोटी घेतलेले 220.5 अब्ज वॉन जप्त करावेत, असा अंतिम निकाल 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. 2003 मध्ये त्याने आपल्यापाशी सुमारे 2 लाख 90 हजार वॉनच असल्याचे न्यायालयाला सांगितले, आणि तो आकडा कोरियन भाषेत थट्टेचा विषय होऊन बसला. वसुलीची मुदत वाढवण्यासाठी 2013 मध्ये कायदा बदलावा लागला. नोव्हेंबर 2021 मध्ये तो सोलमधील आपल्या घरी मरण पावला, तेव्हा सुमारे 95 अब्ज वॉन वसूल व्हायचे राहिले होते.